उणे वीस

सोमवार, तारीख ३

आले बाई एकदाची लेकीच्या घरी! ही वही भिंगरीनं दिली. भिंगरी म्हणजे माझी नात, सात वर्षांची. पाय एका जागी ठरत नाही म्हणून मीच ते नाव पाडलं. रोज काय झालं ते लिहायचं, वर तारीख घालायची आणि खोटं लिहायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. मी चौथी शिकलेली. चुका होतील त्या होतील, तपासायला काही मास्तर येत नाहीत.

घर कसलं, किल्लाच तो. पूर्वी इथं थंड गोदाम होतं, फळं ठेवायचे म्हणे. दुसऱ्या मजल्यावर सगळं. उघडणारी खिडकी एकही नाही, नुसत्या काचा. दारं लोखंडी, वीतभर जाड, रुळावरून सरकणारी. मी लेकीला विचारलं, एवढी दारं ढकलायची कोणी, माझ्या हातून तर डब्याचं झाकण निघत नाही. ती म्हणाली, तू नुसती समोर जाऊन उभी राहा. राहिले, तर दार घर्र करून बाजूला! मागं आले, बंद. पुढं गेले, उघडं. असं सात-आठ वेळा केलं. जावईबापू म्हणाले, आई, पुरे, दाराला दम लागेल.

हे सगळं घरातलं यंत्र करतं. त्याला माणूस ओळखू यावं म्हणून मनगटावर रबरी पट्टा बांधायचा. मला निळा मिळाला. पट्टा नाडी मोजतो, थंडी वाजते का बघतो. तो काढायचा नाही आणि घालून घराबाहेरही जायचं नाही, अशी ताकीद आहे. पट्ट्याला नाडी लागेनाशी झाली की यंत्र समजतं माणूस पडलं, आणि हातातलं सगळं टाकून त्याच्यामागे धावतं. घंटा, दिवे, दारं, सगळी बोंबाबोंब. म्हटलं, माझ्यामागे इतकं धावणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. लेक म्हणाली, बाबा ऐकत असतील गं वरून.

माझी आणि भिंगरीची खोली शेजारीशेजारी, मध्ये पत्र्याची भिंत. झोपताना तिनं खेळ शिकवला. तिनं तीन टकटक केल्या की, आहेस का? मी दोन केल्या की, आहे. माझा डोळा लागेपर्यंत चाललं होतं.

मंगळवार, तारीख ४

आज दुपारी जावईबापूंनी यंत्र समजावून सांगितलं. मीच मागे लागले. म्हटलं, राहायचं तर घरात खरा कारभारी कोण ते कळायला नको?

तर असं आहे. घराचा मेंदू एक आणि कामं पन्नास. दारं, दिवे, पंखे, पंप, पाणी तापवणं, फोन. मेंदू एका वेळी एकच काम करतो. पण एकाला चिमूटभर वेळ दिला की लगेच दुसऱ्याला देतो, मग तिसऱ्याला, इतक्या झपाट्यानं की आपल्याला वाटावं सगळं एकदमच चाललंय. पाळी कुणाला कधी आणि किती द्यायची हे ठरवणारा जो आतला गाभा आहे, त्याची जुळणी करायची ही जावईबापूंची नोकरी. आधी स्वतःच्या घरावर करून बघतात, मग कंपनी लोकांना देते. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मी विचारलं, लष्करातले का? तर चहा त्यांच्या नाकात गेला.

मला मात्र पटकन कळलं. आमच्याकडे चूल एक आणि खाणारी तोंडं अकरा. सासूबाई चुलीपुढे पाट टाकून बसायच्या. हिचं उतरव, तिचं चढव, ते अर्धं राहू दे, आधी दूध. कुणाचं करपू द्यायचं नाही आणि कुणाला उपाशी ठेवायचं नाही. जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, आई, आमच्या साहेबांपुढे तुम्हालाच उभं करतो. ज्या कामाला पाळीच मिळत नाही ते उपाशी राहिलं असंच आम्हीही म्हणतो! मला इतका आनंद झाला की दोन चमचे साखर जास्त पडली चहात.

मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची काच दाखवली. तीत कामांची यादी, आणि घरातल्या माणसांचीही. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. माणसाचा जो आकडा तोच त्याच्या दाराचा, पाण्याचा, पंख्याचा. आत्ता सगळ्यांना शून्य, म्हणजे सगळे सारखे. एका टोकाला उणे वीस आणि दुसऱ्या टोकाला एकोणीस असं सांगत होते, आणि कुठलं टोक कशासाठी ते सांगणार एवढ्यात दूध उतू गेलं. पुसापुशीत पुढचं राहून गेलं.

गुरुवार, तारीख ६

लेक सकाळी बारा दिवसांच्या शिकवणीला परगावी गेली. ती दवाखान्यात परिचारिका आहे, नवीन काही शिकल्याशिवाय बढती देत नाहीत. जाताना दहा वेळा मागे वळली. मी म्हटलं, अगं, तुला मी वाढवलं, हिला नाही का सांभाळणार?

दुपारी सगळं आवरून काचेसमोर उभी राहिले. एरवी ती जावईबापूंच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, पण सध्या ते दिवसातून वीसदा कामांचे आकडे बदलून बघतात, माणसांच्या यादीकडे वळतही नाहीत, म्हणून उघडीच असते. बघा हवं तेवढं, हात तेवढा लावू नका, असं मला म्हणाले होते.

पण भिंगरीच्या नावापुढे शून्य! आमचे मास्तर ढ मुलांच्या पाटीवर एवढं मोठं काढायचे तसं. मला बघवेना. बोट टेकवलं तर आकडा चढायला लागला, मजा वाटली. एकोणिसावर थांबला. त्याच्यापुढे जात नाही म्हणजे सगळ्यात मोठा मान तोच. लेकीला आणि जावयाला पंधरा-पंधरा दिले. उणे काही मी लेकरांच्या नावापुढे मेले तरी लिहिणार नाही. उणं म्हणजे काहीतरी कमी. तसं तोंडानंही म्हणवत नाही.

मग स्वतःचा आकडा. मी जन्मभर शेवटी बसले. सगळ्यांची पानं झाली, भांड्यात काय उरलंय बघितलं, मग माझं ताट. त्याचं दुःख नाही, उलट सवयच अशी की आधी वाढलं तर घास उतरत नाही. म्हणून स्वतःला खाली, खाली, पार खाली नेऊन बसवलं. उणे वीस. आता कसं घरासारखं वाटलं.

कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

शनिवार, तारीख ८

या घराला माझा फार लळा लागलाय! नळाला हात लावायच्या आत गरम पाणी. खुर्चीत टेकले की पाठीमागून ऊब. मी उठणार असं नुसतं मनात आलं की दार घर्र. लेकीकडे राहावं तर असं.

जावईबापूंचं मात्र नशीब बघा. अंगाला साबण लावला आणि पाणी बर्फ झालं. आतून जे ओरडले ते भिंगरीनं शाळेत जाऊन सांगू नये म्हणजे मिळवली. तेव्हा मी भांडी घासत होते, माझ्या हाताला छान कढत होतं. म्हटलं, वयाचा मान ठेवतंय यंत्र. ते म्हणाले, आई, लग्नात मान राहिला होता तो वसूल करताय वाटतं.

सोमवार, तारीख १०

आज लिहू नये असं आहे, पण भिंगरीला शब्द दिलाय.

खालच्या चपलावाल्याची मांजर वर यायची, दुधाच्या आशेनं. तपकिरी, एक कान तुटका. दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून अंग चाटत होती. मी बैठकीतून माझ्या खोलीकडे निघाले. माझं दार उघडलं, आणि त्याच क्षणी मागचं स्वयंपाकघराचं बंद झालं. सावकाश नाही, कुऱ्हाड पडते तसं. मांजर ओरडलीसुद्धा नाही. पुढचे पाय आत होते, ते अजून पुढं जायला बघत होते.

जावईबापूंनी सगळं पोत्यात भरलं, फरशी धुतली. चपलावाला पोतं हातात घेऊन म्हणाला, तुमच्या घरापेक्षा रस्ता बरा होता तिला.

भिंगरी तेव्हा शाळेत होती हे नशीब.

मंगळवार, तारीख ११

जावईबापू काल दुपारपासून यंत्राच्या खोलीत बसलेत. ती खोली म्हणजे गोदामाची जुनी बर्फखोली, माझ्या खोलीच्या समोर. खिडकी नाही, झरोका नाही. हवा येते ती एका पंख्यातून. दार फक्त त्यांच्या पट्ट्यानं उघडतं. सगळ्या घराची वीज बंद करायची मुख्य कळही आतच.

त्यांचं म्हणणं पडलं, एकेका कामाची पाळी लांब झाली होती म्हणून बाकीची खोळंबत होती. म्हणून त्यांनी पाळी अगदी लहान केली. आता यंत्र कुणाकडेच जास्त थांबणार नाही, पुढं कुणी आलं की हातातलं तिथंच सोडून तिकडे वळेल. मी विचारलं, अर्धवट सोडून? म्हणाले, हो, मग परत येऊन पुरं करतं. मला आमची चूल आठवली. सासूबाई अर्धकच्चं उतरवायच्या तेव्हा परत चढवायची आठवण ठेवायच्या. म्हटलं, याला राहते का आठवण?

भिंगरीच्या खोलीत ऊब येतच नाही. सकाळी तिचे ओठ जांभळे होते. माझी शाल तिला दिली, तर माझी खोली लगेच आणखी तापली. मी पोरीला माझ्याच अंथरुणात घेतलं.

गुरुवार, तारीख १३

दारांचा मिस्त्री आला होता. साठीचा, केस काळे केलेले, तोंड सारखं चालू. म्हणाला, आजीबाई, दार आणि नवरा, वेळेवर तेल घातलं की कुरकुरत नाही. मी म्हटलं, माझा तर तेल घालूनही कुरकुरायचा. असे हसत होतो आम्ही. स्वयंपाकघराचं दार उघडं धरायला त्यानं रुळात लाकडी ठोकळा मारला आणि बोटं आत घालून पट्टी चाचपत होता. चहा मिळेल का म्हणाला.

मी खुर्चीतून उठले. एवढंच. उठले.

ठोकळ्याचा भुगा झाला. चार बोटं अलीकडे पडली, एकात अंगठी होती. तो पलीकडे. आधी आवाज नाही, मग असा आवाज की मी कानावर हात ठेवले, आणि मी हलले तशी दारं सगळीकडे सरकायला लागली. उघड बंद, उघड बंद. रक्त रुळातून वाहत माझ्या पायापर्यंत आलं.

मी बोटं फडक्यात गुंडाळून बर्फात घातली. जावईबापू त्याला घेऊन दवाखान्यात गेले. शिवता येतात का बघू म्हणाले डॉक्टर.

संध्याकाळी जावईबापूंनी काच अंगठ्यानं बंद करून टाकली. आता कुणी काही बदलायचं नाही म्हणाले. पाळी पुन्हा पहिल्याएवढी केली.

शुक्रवार, तारीख १४

काही फरक नाही. न्हाणीघराचं दार भिंगरीच्या वेणीवर आलं. वेणी गेली. वेणीच गेली, देवा, मान नाही. मी तेव्हा शिंकले होते.

दुपारी बसून बघितलं. हात वर केला, माझ्यावरचा दिवा वाढला, भिंगरीच्या खोलीतला गेला. हात खाली, तिचा आला. पाच वेळा केलं. पाचही वेळा.

जावईबापूंनी जेवताना विचारलं, आई, काचेवर कुणी आकड्यांना हात लावला होता का? मी म्हटलं, नाही.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. आज वहीत तरी खरं लिहिते. मी लावला होता. पण मी तर स्वतःला शेवटी बसवलंय. माझ्यामुळे कसं होईल?

शनिवार, तारीख १५, सकाळी नऊ

भिंगरीनं सांगितलं. बाबांनी शिकवलेलं तिला सगळं पाठ आहे. उणे वीसवाला सगळ्यात पुढे, आजी. त्याला काही हवं असलं की बाकीच्यांच्या हातातलं काढून घेतात. एकोणीसवाला सगळ्यात मागे. सगळ्यांचं होऊन वेळ उरला तरच त्याचं.

कप तसाच ठेवून उठले.

जावयाच्या पाया पडायला गेले. त्यांनी धरलं. रागावले नाहीत. म्हणाले, दूध उतू गेलं त्या दिवशी मीच पुढचं सांगायला हवं होतं. काचेवर अंगठा ठेवला, काचेवर नुसतं चक्र गोल गोल फिरत बसलं. पंधरावर बसवलंत ना मला, म्हणाले, माझा अंगठा बघायला वेळ कुणाला आहे. यंत्राच्या खोलीत थेट जोडलेल्या कळा आहेत, तिथून दोन मिनिटांचं काम. मी मात्र हलायचं नाही. पाणी मागायचं नाही. घाबरायचंसुद्धा नाही, छाती धडधडली की घर माझ्याकडे धावतं. मन कशात तरी गुंतवा म्हणाले, म्हणून लिहितेय. बसलेय ती माझ्या दाराशी, समोर ते दिसतात. दार त्यांच्यासाठी फार हळू उघडतंय. बोटभर. आता हातभर. ते आडवे होऊन आत शिरतायत. भिंगरी कुठे गेली? भिंगरी त्यांच्या काखेखालून —

दहा वाजले असतील

मी उठले. तिला धरायला उठले. तीन पावलं.

दिवे, माझं दार, बैठकीचं दार, पाठीमागची ऊब, सगळं माझ्यासाठी धावलं. आणि ते दार आलं.

त्यांनी खांदा लावला होता. आई, बसा, असं म्हणाले. पुरं नाही म्हणाले.

हाड मोडतं तो आवाज ओल्या लाकडासारखा असतो. मध्ये माणूस आलं तर दारानं थांबायचं असतं, पण थांबणं हेही एक कामच. त्यालाही पाळी लागते.

उजवा हात खांद्यापासून अलीकडे आहे. बाकीचे ते आत. आणि भिंगरी आत. थोडा वेळ आतून त्यांचा आवाज येत होता. मग नाही. घंटासुद्धा वाजली नाही, पंधरावाल्याची नाडी बघायला वेळ कुणाला.

तीन टकटक आल्या. मी दोन केल्या.

नंतर

पंखा. आतला पंखा. मी स्वस्थ बसले की घुंऽ करून चालतो. हलले की बसतो. ती एकोणिसावर. यंत्र माझ्यासाठी राबतं तेवढं आत तापतं. दार हाताला पोळतंय.

मुख्य दार उघडून मध्ये लोखंडी कपाट आडवं पाडलंय, मदतीला कुणी आलं तर अडू नये म्हणून. मी मात्र बाहेर जायचं नाही, पट्टाही काढायचा नाही, नाडी लागली नाही की घर सगळं टाकून माझ्यामागे. माझ्या अंगात एवढी ताकद कुठली होती.

काच उघडायला अंगठा लागतो. त्यांचा हात पदरात घेऊन गेले. घड्याळ चालू होतं मनगटावर, पट्टा दुसऱ्या हाताला, तो आत. अंगठा टेकवला. माझ्यासाठी काच लगेच जागी झाली, पण अंगठा घेईना. गार पडलाय. नळाखाली धरला. कढत पाणी आलं, लगेच आलं, धो धो —

पंखा बसला. तीन टकटक. मग दोन. मग खरवडल्यासारखं.

नळ बंद केला. बंद व्हायलाही वेळ लागला. माझ्या हाताला उणं पडू नये म्हणून.

हात फडक्यात गुंडाळून ठेवलाय. लेकीनं बघू नये.

साडेदहा

लेकीला फोन केला. चटकन लागला. ओरडली, मग परिचारिकेच्या आवाजात बोलली. आगीच्या बंबाची माणसं येतील, पोलादी करवत घेऊन, अर्धा तास. तू बोलू नकोस आई, ठेव. तिनंही ऐकला असणार पंखा बसलेला.

अर्धा तास काही नको असायचं. तहान नको. दुःख नको.

बसलेय. श्वास मोजतेय. घुंऽ चालू. तीन टकटक. मी उत्तर देत नाही. हात उचलला तर —

तिला वाटेल आजी नाही इथं.

मग

माझ्यासाठी गार वारा सोडलाय. कपाळावर घाम दिसला असेल. नको म्हणते. मोठ्यानं म्हणते. आणखी सोडतंय.

लेकी, यंत्रानं सांगितलं तेच केलं. आकडा मी घातला. विचारलं तेव्हा नाही म्हटलं, कालच हो म्हटलं असतं तर — हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय, नाहीतर पेन धरलं नसतं. पेन हलतं तेवढा माझ्यावरचा दिवा वाढतो. पंखा तेवढा —

उणे लिहीन मी तिच्या नावापुढे. हवं तेवढं लिहीन. कुणीतरी काच उघडा.

दोनच टकटक.

खाली गाडी. जिन्यात बूट. छातीत धडधड — नको, नको — दिवा केवढा झाला — सगळं माझ्याकडेच — जन्मभर जमलं, आजच कसं जमत नाही शेवटी बसायला —

एक.

पेन ठेवते. डोळे मिटते. घे बाळ, आता तुझी